मेथी, बटाटा आणि लेटंट हीट

रविवारी संध्याकाळी मेस बंद. हा नियम कोणत्या ऋषींनी केला ठाऊक नाही, पण बहुतेक सगळ्या हॉस्टेलांमध्ये तो इमानेइतबारे पाळला जातो. मग गेटबाहेरच्या गाडीवर वडापाव, नाहीतर दोन मिनिटांत होणारे (म्हणजे प्रत्यक्षात दहा मिनिटांत होणारे) नूडल्स. सबमिशनच्या आठवड्यात तर रविवार रोजच उगवतो. चार वर्षं असं काढल्यावर डिग्री हातात पडते, पण पोटात हिरवं पान म्हणून जे जातं ते फक्त पोह्यांवरची कोथिंबीर!

मित्रमैत्रिणींनो, यावर एक साधा उपाय आहे. एक कढई, एक सुरी, एक शेगडी आणि पाऊण तास. त्यातली वीस मिनिटं मेथी निवडण्यात जातात आणि ते काम गप्पा मारत होतं. बटाट्याच्या खरपूस फोडी आणि त्यात परतलेली मेथी, एवढाच मेनू. पोळीबरोबर खा, ब्रेडबरोबर खा, नाहीतर नुसती चमच्याने खा. उत्तरेकडचा रूममेट हिलाच 'आलू-मेथी' म्हणेल. म्हणू द्या. 'बटाटा' हा आपला शब्दही मुळात पोर्तुगीजांकडून आलेला आहे. बटाटा आणि मिरची दोन्ही अमेरिका खंडांकडचे पाहुणे, समुद्रमार्गे येऊन आपल्या कढईत कायमचे राहिले.

आता तुम्ही म्हणाल, भाजीची कृती घरी फोनवर विचारली की मिळते, त्यासाठी मॅगझिनची पानं कशाला? कारण असं की फोनवर मिळणारी कृती 'अंदाजाने मीठ, छान परतून घे, शिजली की उतरव' अशी असते. वीस-पंचवीस वर्षं हातात उलथनं धरलेल्या माणसाला 'छान' म्हणजे किती हे कळतं. आपल्याला नाही कळत. त्यामुळे नवशिक्याच्या मेथी-बटाट्याचे दोनच प्रकार होतात: एक, बटाटा आतून कच्चा आणि बाहेरून काळा, दोन, सगळ्याचा मिळून हिरवट लगदा. या दोन्ही दुर्घटनांमागे एकच आरोपी आहे आणि तो आपण सगळ्यांनी अकरावीपासून पाठ केलेला आहे: पाण्याची लेटंट हीट, म्हणजेच अप्रकट उष्णता. तिला नीट ओळखलं तर ही भाजी बिघडणं अवघड आहे.

आधी वायरिंग, मग फोडणी

रेक्टर सर हे वाचणार आहेत म्हणून नव्हे, तर खरोखरच महत्त्वाचं म्हणून हे आधी सांगतो. हा प्रयोग खोलीत करायचा नाही. पँट्री असेल तर तिथे, परवानगी घेऊन मेसच्या ओट्यावर, किंवा बाहेर खोली घेऊन राहणाऱ्या मित्राच्या गॅसवर करायचा.

कारण साधं गणित आहे. २००० वॅटची इंडक्शन शेगडी २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर करंट घेते. खोलीतला अभ्यासाच्या टेबलाजवळचा लहान सॉकेट असतो ६ अँपिअरचा, म्हणजे जेमतेम १३८० वॅटचा. करंट ६ वरून ८.७ झाला की तो दीडपटीच्या आतच वाढलेला दिसतो, पण वायरमध्ये तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ती दुपटीहून अधिक झाली. त्यात सैल मल्टिप्लग, त्यावर मोबाइलचे तीन चार्जर आणि शेजारी गादी. इलेक्ट्रिकलच्या मुलांनी तरी हे करू नये. शेगडीला १६ अँपिअरचा मोठा सॉकेट हवा आणि तोही थेट, मध्ये एक्स्टेन्शन बोर्ड नको.

साहित्य (दोन भुकेल्या माणसांसाठी)

मध्यम आकाराचे ३-४ बटाटे (साधारण ३५० ग्रॅम), मेथीची एक मोठी जुडी (निवडून साधारण २०० ग्रॅम पाला), एक कांदा, लसणाच्या ६-७ पाकळ्या, २ हिरव्या मिरच्या, ३ मोठे चमचे तेल, अर्धा चमचा मोहरी, अर्धा चमचा जिरं, चिमूटभर हिंग, पाव चमचा हळद, मीठ, चिमूटभर साखर आणि अर्धं लिंबू. गरम मसाला नको, टोमॅटो नको, पनीर तर अजिबात नको. टोमॅटो का नको ते पुढे येईलच.

बटाटा निवडताना

बाजारात बटाटा दोन प्रकारचा दिसतो. नवा बटाटा पातळ सालीचा असतो, नखाने साल निघते, आत ओलसर आणि चिकट. जुना बटाटा जाड सालीचा, आत पिठाळ. आपल्या कामाला दोन्ही चालतात. नवा फोडीला घट्ट राहतो, जुना लवकर खरपूस होतो पण हलवताना मोडतो. पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातलं सातगाव पठार बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे. तिकडचा नवा माल आला की जरूर घ्या.

कोल्ड स्टोरेजमधून आलेला बटाटा कधीकधी गोडसर लागतो. त्याला कुणी साखर लावलेली नसते. थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची थोडी साखर होते. असा बटाटा कढईत फार लवकर काळपट होतो, त्यामुळे त्याला आच कमी ठेवायची. वेफर्स बनवणाऱ्यांना हीच अडचण येते, म्हणून साखर कमी असलेले वाण मुद्दाम तयार केले गेले. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचं 'कुफरी चिप्सोना' हे त्यातलंच. (कुफरी हे सिमल्याजवळचं गाव. त्या संस्थेच्या वाणांना त्याचं नाव लागतं.)

एक गोष्ट मात्र गंमतीत घेऊ नका. उजेडात राहून हिरवा पडलेला बटाटा आणि लांब मोड आलेला बटाटा यांत सोलानिनसारखी विषारी द्रव्यं वाढलेली असतात. ती शिजवल्याने किंवा तळल्याने जात नाहीत. थोडासा हिरवा डाग असेल तर खोलवर कापून टाका. बटाटा बराच हिरवा असेल किंवा चवीला कडू लागत असेल तर सरळ फेका. पोटदुखी आणि उलट्या होऊन पेपर बुडवण्यापेक्षा एक बटाटा बुडालेला बरा. आणि बटाटे खिडकीत ठेवू नका, अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवा.

मेथीची आंघोळ

मेथीची पानं आणि कोवळे देठ घ्यायचे, जाड काड्या टाकायच्या. मग धुवायची. इथे नळाखाली जुडी धरण्याची पद्धत फारशी उपयोगाची नाही, कारण माती पानांच्या बेचक्यात अडकते. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घ्या, पाला बुडवा, हाताने हलवा आणि दोन मिनिटं थांबा. माती जड, ती तळाशी बसते. पानं हलकी, ती वर तरंगतात. (सिव्हिलवाल्यांनो, हीच तुमची सेडिमेंटेशन टँक!) आता पाला वरून उचलून घ्यायचा. पातेलं चाळणीत ओतायचं नाही, नाहीतर तळाची माती पुन्हा पाल्यावर. असं दोनतीनदा केलं की दाताखाली खर येत नाही. धुणं चिरण्याआधी, कारण चिरल्यावर धुतलं तर पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं पाण्याबरोबर वाहून जातात.

मग चाळणीत चांगली निथळू द्या आणि स्वच्छ पंचावर पसरून ठेवा. वर्तमानपत्रावर नको, छपाईची शाई खाण्याची वस्तू नव्हे. ही निथळण्याची पायरी सगळे गाळतात, आणि अर्धी भाजी इथेच बिघडते. ती कशी, ते आता आकड्यांत पाहू.

थोडं थर्मो

मेथीच्या पाल्यात वजनाने ८५ टक्क्यांहून अधिक पाणी असतं, बटाट्यात सुमारे ८० टक्के. कढईत पाणी आहे तोवर त्या जागेचं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपासच अडकतं. तुम्ही आच कितीही वाढवा, पाणी फक्त जोरात उकळेल. आणि बटाट्याला जो सोनेरी रंग आणि खरपूस वास हवा असतो, त्याची रासायनिक प्रक्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे जोमाने चालते. अमिनो आम्लं आणि साखर यांच्यातल्या या प्रक्रियेला मायार प्रक्रिया म्हणतात. लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिचं वर्णन १९१२ साली केलं. थोडक्यात, पाणी असेपर्यंत रंग नाही. रंग नाही तोपर्यंत चव नाही.

आता हे पाणी घालवायला किती कष्ट पडतात पाहा. एक ग्रॅम पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत न्यायला सुमारे २९३ ज्यूल लागतात. त्याच एका ग्रॅमची वाफ करायला २२५७ ज्यूल. जवळजवळ पावणेआठ पट!

समजा, मेथी न निथळता टाकली आणि तिला चिकटून ८० ग्रॅम पाणी कढईत आलं. पाल्याचं स्वतःचं पाणी १०० ग्रॅम घालवायचंय असं धरू. एकूण १८० ग्रॅम. त्याला लागणारी ऊर्जा सुमारे ४५९ किलोज्यूल. शेगडीतून कढईत प्रत्यक्ष ८०० वॅट पोचतात असं मानलं तर वेळ लागेल साडेनऊ मिनिटं. या साडेनऊ मिनिटांत मेथी शिजून शिजून काळपट होते आणि बटाटा वाफेत बसून फुटतो. झाला लगदा!

आता तीच मेथी नीट निथळून घेतली तर घालवायचं पाणी १०० ग्रॅम, ऊर्जा २५५ किलोज्यूल, वेळ सव्वापाच मिनिटं. नुसत्या निथळण्याने सव्वाचार मिनिटं वाचली, गॅस वाचला, शिवाय भाजी वाचली.

पण लेटंट हीट नेहमीच शत्रू नसते. झाकण ठेवलं की वाफ बटाट्याच्या थंड फोडीवर जाऊन पुन्हा पाणी होते आणि होताना तेच २२५७ ज्यूल फोडीला देऊन टाकते. म्हणून झाकणाखाली बटाटा झटपट शिजतो. सगळी कृती या एका वाक्यात मावते: आधी झाकण ठेवून वाफेचा फायदा घ्या, मग झाकण काढून वाफेला हाकलून द्या.

फोड केवढी?

उष्णता फोडीच्या मध्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हीट ट्रान्सफरच्या पेपरात हे लिहिलं असेल, आता खाऊन पाहा. एक सेंटिमीटरच्या फोडीला जिथे अंदाजे तीन मिनिटं लागतात, तिथे दोन सेंटिमीटरच्या फोडीला बारा. जाडी दुप्पट, वेळ चौपट. बाहेरून काळा आणि आतून कच्चा बटाटा होतो तो यामुळेच. त्यातही निम्म्या फोडी लहान आणि निम्म्या मोठ्या असतील तर कुणाचंच भलं होत नाही. म्हणून सगळ्या फोडी एक सेंटिमीटरच्या, एकसारख्या. सुरीवर हात बसलेला असेल तर काचऱ्या केल्या तरी उत्तम, त्या आणखी लवकर होतात.

साल स्वच्छ असेल तर काढायची गरज नाही, घासून धुवा. फोडी पाच मिनिटं पाण्यात ठेवा. पाणी पांढुरकं होईल, तो वर सुटलेला स्टार्च. हाच स्टार्च कढईला चिकटतो. पाणी फेका, फोडी कापडाने टिपून कोरड्या करा. (पुन्हा पाणी! पाहिलंत?)

भांडं

जाड बुडाची लोखंडी कढई किंवा खोलगट तवा सगळ्यात चांगला. लोखंड उष्णता वाहून नेण्यात ॲल्युमिनियमच्या मागे आहे, पण जाड लोखंडी भांड्याचं वजन भरपूर असल्याने ते उष्णता धरून ठेवतं आणि गार बटाटे टाकल्यावर एकदम थंड पडत नाही. पातळ स्टीलच्या भांड्यात ज्योतीच्या बरोबर वर करपतं आणि कडेला कच्चं राहतं, कारण स्टेनलेस स्टील हे उष्णतेचं तसं वाईट वाहक आहे. नॉनस्टिक असेल तर चालेल, पण ते रिकामं तापत ठेवू नका. सुमारे २६० अंशांच्या पुढे त्याचा थर खराब व्हायला लागतो. इंडक्शनवर ॲल्युमिनियमचं साधं भांडं चालत नाही, आणि गोल बुडाची कढईही नाही. सपाट बुडाचा लोखंडी तवा घ्या.

भांडं पसरट हवं. बटाटे एका थरात मावले पाहिजेत. एकावर एक ढीग झाला तर खालच्यांची वाफ वरच्यांना लागते आणि पुन्हा तीच उकडहंडी. चार जण जेवणार असतील तर दोनदा करा, पण ढीग नको.

कृती

१. लोखंडी कढई मध्यम आचेवर दोन मिनिटं रिकामी तापवा. पाण्याचा एक थेंब टाकून पाहा. थेंब चर्र होऊन लगेच उडून गेला तर कढई तयार. थेंब मोत्यासारखा इकडेतिकडे पळायला लागला तर कढई २०० अंशांच्या आसपास पोचली, आच कमी करा. (पळणाऱ्या थेंबाला लायडेनफ्रॉस्ट परिणाम म्हणतात. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते.) ही परीक्षा तेल घालण्याआधी. तापलेल्या तेलात पाणी कधीही टाकू नका.

२. दोन चमचे तेल घाला, कोरड्या फोडी एका थरात पसरा, एकदा हलवा आणि झाकण ठेवा. पाच मिनिटं. आच मध्यम.

३. झाकण काढा. काढताना आडवं सरकवून काढा, म्हणजे झाकणाला लागलेलं पाणी कढईत पडत नाही. फोडीत सुरीचं टोक सहज जायला हवं. आता झाकण कायमचं बाजूला.

४. सहा-सात मिनिटं उघड्यावर परता. 'परता' म्हणजे सतत ढवळा असं नाही! फोडीची एक बाजू तव्याला टेकून राहिली तरच तिला रंग येतो. दोन मिनिटांनी एकदा उलथनं फिरवा, मग हात बांधून उभे राहा. सोनेरी रंग पुरे, काळपट नको. २००२ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की बटाट्यासारखे पिठूळ पदार्थ जास्त आचेवर गडद भाजले की त्यात ॲक्रिलामाइड नावाचं नको ते द्रव्य तयार होतं. रंग गडद होण्याआधी थांबलं की पुष्कळसं टळतं.

५. फोडी ताटात काढा, त्यांच्यावर थोडं मीठ भुरभुरवा. मीठ आधी घातलं असतं तर त्याने फोडीतलं पाणी बाहेर ओढलं असतं आणि रंग यायला उशीर झाला असता. कारण तेच, ऑस्मोसिस.

६. त्याच कढईत उरलेला चमचाभर तेल, त्यात मोहरी. मोहरी तडतडली (तिच्या आतल्या पाण्याची वाफ झाली आणि टरफल फुटलं) की जिरं, हिंग, ठेचलेला लसूण, मिरची. लसूण गुलाबी झाला की कांदा. तीन मिनिटं. मग हळद.

घरी फोडणी सगळ्यात आधी होते आणि इथे नंतर, हे काय? घरची बटाट्याची भाजी बहुतेक वेळा झाकणाखाली वाफेवर होते, तापमान फार चढत नाही, त्यामुळे फोडणी आधी चालते. आपल्याला खरपूस बटाटा हवाय. तेवढ्या वेळात तापल्या तेलात लसूण आणि हळद जळून कडू होतील.

७. मेथी चिरून दोन हप्त्यांत घाला. निम्मी घातली, बसली, की उरलेली. सगळी एकदम टाकली तर कढई गार पडते आणि पाला तळायच्या ऐवजी उकडत बसतो. आच मोठी, झाकण नाही. मधूनमधून हलवत पाच मिनिटांत पाणी आटतं, कढईचा आवाज 'खदखद'वरून 'चरचर' होतो. हा आवाजच तुमचा थर्मामीटर.

८. आता मीठ. पाल्याचा ढीग एव्हाना मूठभर झालेला असतो. सुरुवातीच्या ढिगाकडे पाहून मीठ घालणाऱ्याची भाजी हमखास खारट होते. आधी थोडं घाला, चाखा, मग हवं तर आणखी. मेथी फार कडू लागली तर चिमूटभर साखर.

९. बटाटे परत कढईत, दोन मिनिटं एकत्र, गॅस बंद. मग लिंबू पिळा.

झाकण आणि लिंबाबद्दल

पाल्यावर झाकण का नाही आणि लिंबू शेवटीच का? हिरवा रंग क्लोरोफिलचा, आणि क्लोरोफिलच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो. उष्णता आणि आम्ल एकत्र आले की तो अणू निघून जातो आणि रंग शेवाळी-तपकिरी होतो. पाल्यात स्वतःचीही थोडी आम्लं असतात. झाकण नसेल तर त्यांतली उडून जाणारी वाफेबरोबर जातात, झाकण असेल तर तिथेच थेंब थेंब परत पडतात. टोमॅटो नको म्हटलं तेही यासाठीच: तो आम्लही आणतो आणि पाणीही.

पण लिंबू रंगापेक्षा मोठ्या कामाचं आहे. पालेभाजीतलं लोह शरीर सहज शोषून घेत नाही, 'क' जीवनसत्त्व बरोबर असेल तर ते शोषणं सुधारतं. याउलट जेवणाबरोबरचा चहा ते शोषण कमी करतो. म्हणून भाजीवर लिंबू पिळा आणि कटिंग तासाभराने प्या. हा सल्ला उगाच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिलांमध्ये आणि २५ टक्के पुरुषांमध्ये रक्तक्षय आढळला. हा वयोगट म्हणजे आपलं सगळं हॉस्टेल, शिवाय स्टाफ रूमही. जिना चढताना धाप लागते, लेक्चरला झोप येते, ही दर वेळी सरांचीच चूक असते असं नाही! अर्थात मेथी हे औषध नव्हे. थकवा रेंगाळत असेल तर दवाखान्यात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घ्या. पण रोजच्या ताटात हिरवं यायला हवं, हे कुणीही डॉक्टर सांगतील.

ओरलला हमखास विचारले जाणारे प्रश्न

*मेथी मिळाली नाही तर?* मुळ्याचा पाला, लाल माठ, शेपू, नवलकोलाची पानं, काहीही चालेल. पालकात पाणी आणखी जास्त, ९० टक्क्यांच्या वर, म्हणून त्याला तीन हप्ते आणि मोठी आच. लाल माठाने बटाटे गुलाबी होतील, घाबरू नका.

*सगळं करूनही भाजी ओली झाली तर?* दोन चमचे दाण्याचं कूट घाला. ते पाणी पिऊन घेतं आणि चवही वाढवतं. कोकणातली मंडळी ओलं खोबरं घालतील, पण ते ओल वाढवतं, म्हणून भाजी कोरडी असेल तरच.

*फोडी चिकटल्या तर?* खरवडू नका. आच कमी करून मिनिटभर थांबा. कवच तयार झालं की फोड आपोआप सुटते.

*अंडं चालेल?* चालेल. शेवटी मध्ये खड्डा करून दोन अंडी फोडा, एक-दोन मिनिटं झाकण ठेवा. इथे पाला शिजून झालेला असतो, त्यामुळे थोडा वेळ झाकणाने फारसं बिघडत नाही.

*मेसचे उकडलेले बटाटे उरलेत, ते?* ताजे असतील तर फारच छान, दुसऱ्या पायरीतलं झाकण गाळा. पण रात्रभर खोलीत उघडे राहिलेले नकोत. शिजलेला बटाटा जंतूंनाही आपल्याइतकाच आवडतो. उरलेली भाजीसुद्धा दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवी. फ्रिज नसेल तर शेजारच्या खोलीचं दार वाजवा. ते नाही म्हणणार नाहीत.

आणि शेवटी भांडी

लोखंडी कढईत भाजी ठेवून देऊ नका. लिंबामुळे ती काळी पडते आणि कढईची चव येते. लगेच ताटलीत काढा, कढई गरम पाण्याने घासा, शेगडीवर मिनिटभर ठेवून पूर्ण कोरडी करा आणि बोटभर तेलाचा हात फिरवा. ओली ठेवलेली कढई सकाळपर्यंत गंजते. तिथेही शेवटी पाणीच नडतं.

पहिल्या वेळी घड्याळ लावून करा. तिसऱ्या वेळी घड्याळ लागणार नाही, आवाजावरून कळेल. आणि पुढे नोकरीनिमित्त कुठल्याही गावात एकट्याने राहायची वेळ आली, तर मेस असो वा नसो, रविवार संध्याकाळची काळजी नसेल. तेव्हा येत्या रविवारी पँट्रीची किल्ली मागून घ्या, बाजारातून एक जुडी आणा, आणि मेथी निवडायला रूममेटला बसवा. ज्याने निवडली त्याला पहिला वाटा.